बाबूरावांचा छोटा कॅमेरा

माझ्या आईचा एकही फोटो नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे काही वाईटसाईट बोलेन त्याचं कारण कुणी विचारायला नको. सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून मी आख्खी नोकरी केली, सोलापुरातल्या अर्ध्या लोकांची हाडं माझ्या डोळ्यांखालून गेली, पण जिच्या पोटी मी जन्मले तिचं नाक कसं होतं हे मला आता सांगता येत नाही. डोळे मिटले की हात दिसतात. पिठानं पांढरे झालेले, बांगड्या वर सारलेले. चेहऱ्याच्या जागी चुलीचा धूर येतो. आई गेली तेव्हा धाकटी बहीण कमल इतकी लहान होती की तिला हातसुद्धा आठवत नाहीत. ती मला विचारायची, ‘ताई, अव्वा दिसायला कशी होती गं?’ आणि मी दर वेळी काहीतरी नवीनच सांगायची. हे सगळं एका माणसामुळं झालं. बाबूराव फोटोवाला. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, कारण वयानं मोठा आहे. लिहिताना करणार नाही.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो, कारण ती अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी बोलीची. अप्पा मिलमध्ये कामाला. मिलच्या मागच्या चाळीत दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा आडोसा, त्या आडोशात अव्वाची चूल. पहिला भोंगा व्हायच्या आधी तिच्या भाकरीची थाप सुरू झालेली असायची. लाकडी काटवटीत पीठ मळायचा दबका आवाज, मग दोन्ही हातांनी भाकरी थापायचा आवाज, मग तव्यावर पाणी फिरवताना चर्र. ती कडक भाकऱ्या करून विकायची. कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी, आधी तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून निखाऱ्याच्या धगीवर वाळवायची. वाळली की नखानं टिचकी मारून बघायची. टिचकीचा आवाज कोरडा आला की, ‘साकु,’ म्हणायची. साकु म्हणजे पुरे. तो शब्द ती भाकरीला म्हणायची आणि आम्ही दंगा केला की आम्हालाही म्हणायची. शाळेतून आले की मोडक्या भाकऱ्या माझ्या वाटणीला यायच्या. त्यावर शेंगाची चटणी, वरून तेल, आणि एखादा कांदा बुक्कीनं फोडलेला. आता नवी पेठेत कडक भाकऱ्या पाकिटात मिळतात, मशीनवर केलेल्या, सगळ्या एका मापाच्या. मी आणते, खाते आणि शिव्या घालते. माणसाचा हात लागल्याची खूण नाही कुठं.

अव्वाकडं एकच चांगलं लुगडं होतं. मोरपंखी इरकल, लाल काठ. माहेरहून आलेलं. ते ट्रंकेत असायचं आणि वर्षातून फार तर दोनदा बाहेर निघायचं. आम्ही पोरी त्याला हात लावायला गेलो की ती आधी आमचे हात धुवायला लावायची. गरिबाला असं एखादंच काहीतरी असतं आणि त्याचा तो जिवापेक्षा जास्त सांभाळ करतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता नको इतकं कळतंय.

तर अप्पांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, सांगोल्याला असायचे. डाळिंबाची बाग होती, चार पैसे होते. त्यांच्या सुमनचं लग्न ठरलं. दुष्काळी साल होतं, मांडवात पाण्याचा टँकर उभा होता आणि बायका घागरी घेऊन त्याच्याभोवती भांडत होत्या, तरी काकांनी लग्न थाटात करायचं ठरवलं. अव्वाला चार दिवस आधीच बोलावणं आलं. बोलावणं कसलं, भाकऱ्या करायला माणूस पाहिजे होता. पाव्हण्यारावळ्यांसाठी दोन वेळच्या भाकऱ्या, त्याही परसातल्या उघड्या चुलीवर, वर वैशाखाचं ऊन. जाऊ म्हणून गेली आणि आचाऱ्याच्या बाईसारखी राबली. कुरकुर नाही केली. मला म्हणाली, ‘घरचंच लगीन हाय की गं.’ मी पंधरा वर्षांची होते, तिच्या शेजारी बसून पीठ चाळत होते आणि माझं लक्ष सगळं फोटोवाल्याकडं होतं.

फोटोवाला काकांनी मुद्दाम सोलापूरहून आणलेला. बाबूराव. तेव्हा पस्तिशीच्या आत-बाहेर, केसांचा कोंबडा, बेलबॉटम पँट, आणि गळ्यात दोन कॅमेरे. एक मोठा काळा, एक छोटा चंदेरी. त्या छोट्याच्या अंगावर एक वेगळी खिडकी होती बघायला, आणि त्याचं बटण दाबलं की आवाज जवळजवळ यायचाच नाही. पुढं किती वर्षांनी मला कळलं की त्या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. त्याच्या खिडकीतून बघितलं की समोरच्या एका माणसाची दोन माणसं दिसतात, जराशी सरकलेली. भिंगाभोवतीचं कडं फिरवत जायचं, दोघं एकमेकांवर बसले की फोटो साफ येतो. मला त्या दिवशी तो छोटा कॅमेराच आवडला. लग्न लागलं, पंगती उठल्या, मग स्टेजवर फोटोंची रांग लागली. काकांचे व्यापारी मित्र, तालुक्याचे पुढारी, मुलाकडची मंडळी. सगळ्यांना मोठा कॅमेरा.

अव्वा सगळ्यात शेवटी आली. कुणीतरी म्हणालं, अगं तू पण जा की, धाकटी जाऊ तू. तिनं घाईनं हात धुतले, ट्रंकेतून आणलेलं इरकल नेसली, कपाळावरचा घाम पुसून नवं कुंकू लावलं आणि एका हातानं मला धरून, कमलला कडेवर घेऊन स्टेजवर चढली. बाबूरावनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मोठा कॅमेरा पाठीमागं सरकवला आणि छोटा पुढं घेतला. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आमच्यासाठी खास कॅमेरा काढला. मी अव्वाच्या कानात तसं सांगितलंसुद्धा. आणि त्या मेल्यानं काय काय नाटक केलं! ‘वहिनी, जरा डावीकडं सरा. पदर नीट. हाताला पीठ राहिलंय, पुसा. मान वर. अजून जरा वर. हां, आता हसा.’ लख्ख फ्लॅश पडला. अव्वा डोळे चोळत म्हणाली, ‘डोळं झाकलं काय हो माझं? आन एक काडा की.’ ‘काढू की,’ म्हणाला आणि दुसरा फ्लॅश मारला. अव्वा स्टेजवरून उतरली ती लाजून हसत, आणि सोलापूरला येईपर्यंत एसटीत तेच बोलत होती. दुसऱ्या फोटोत डोळं उघडं होतं माजं, व्हय का गं निमा?

अल्बम दिवाळीला बघायला मिळाला. आम्ही सांगोल्याला गेलो तेव्हा काकूनं तो कपाटातून काढला, आणि अव्वानं हात पदराला पुसून मांडीवर घेतला. जाड काळी पानं, मध्ये पातळ झिरझिरीत कागद. ती एकेक पान हळू उलटत गेली. पुढाऱ्यांचे फोटो, व्यापाऱ्यांचे फोटो, टँकरवर चढलेल्या काकांच्या पोरांचासुद्धा फोटो. शेवटचं पान आलं. तिनं परत पहिल्यापासून उलटायला घेतलं, दोन पानं चिकटली असतील म्हणून नखानं सोडवून बघितली. काकू म्हणाली, ‘तवाचा रोल खराब झाला म्हणं. फोटोवाल्यानं निरोप दिला हुता.’ अव्वा म्हणाली, ‘असू द्या की. फुडच्या लग्नात काडू.’ आणि अल्बम मिटून परत दिला.

पुढचं लग्न तिला दिसलं नाही. उन्हाळ्यात कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग गावठी औषध केलं, मग दवाखाना, आणि मग सगळं संपलं. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे होता. चाळीतल्या बायका विचारायला लागल्या, फोटो कुठाय? अप्पांनी घरभर शोधल्यासारखं केलं, खरं म्हणजे त्यांना माहीत होतं की नाहीये. शेवटी त्यांनी ट्रंकेतलं मोरपंखी इरकल काढलं, घडी घातलेलं तसंच पाटावर ठेवलं आणि त्याला हार घातला. लोक येत होते, लुगड्याला हात जोडून जात होते. कमल त्या हारातली फुलं ओढत होती. ते दृश्य आठवलं की आजही दुःख वगैरे काही होत नाही, निव्वळ संताप येतो.

त्यानंतर एक दिवस अप्पा मला घेऊन बाबूरावच्या स्टुडिओत गेले. त्यांच्या डोक्यात एकच होतं, रोल खराब झाला म्हणजे रोल आहे तर खरा. पुसट असेना, अर्धा जळालेला असेना, नाकडोळे तेवढे कळले तरी बस. स्टुडिओत मागं पडदा होता, त्यावर तळं आणि हंस रंगवलेले. खुंटीवर गिऱ्हाइकांना घालायला द्यायचा एक काळा कोट, पुढून चांगला, मागून फाटलेला. बाबूराव टेबलावर फोटोच्या कडा कापत बसला होता. अप्पा उभे राहूनच म्हणाले, ‘साहेब, सांगोल्याच्या लग्नातला तेवढा खराब रोल द्या. माझी मालकीन वारली. पैसं देतो.’ बाबूरावनं कात्री खाली ठेवली आणि हसला. अजून ते हसू मला दिसतं बघा, अव्वाचा चेहरा दिसत नाही पण ते हसू दिसतं. ‘अहो, त्या छोट्यात रोल असतोच कुठं? कामाच्या बाया, वाढपी, आचारी, सगळ्यांना फोटो पाहिजे असतो. रंगीत रोलचा भाव माहिताय का? त्यांच्यासाठी मी छोटा ठेवतो. नुसता फ्लॅश मारायचा. तीही खूश, मीही मोकळा. मालकांनी विचारलं तर सांगायचं, रोल खराब झाला.’ म्हणजे एखाद्या धंद्यातली युक्ती सांगावी तसं सांगितलं. लपवायची गरजच वाटली नाही त्याला.

अप्पांनी त्याची कॉलर धरायला पाहिजे होती. टेबल उलथायला पाहिजे होतं. माझ्या अप्पांनी काय केलं? ‘बरं, येतो,’ म्हणाले. आणि खरंच निघाले. आम्ही गावातल्या तळ्याच्या काठाला जाऊन बसलो, त्यांनी मला खारे शेंगदाणे घेऊन दिले आणि म्हणाले, ‘बरं झालं, तुझ्या अव्वाला कळलं न्हाई.’ मी शेंगदाणे खाल्ले नाहीत. मी त्या दिवशी ठरवलं की ह्या माणसाला मी सोडणार नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीनं ठरवून काय होतं? काही होत नाही. पण मी ते विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. लोक म्हणतात, मनात राग ठेवला की माणूस आतून जळतं. मला तर त्यानं चांगलं धरून ठेवलं. शिकले, नोकरी लागली, कमलचं लग्न करून दिलं, अप्पांना शेवटपर्यंत सांभाळलं. बाबूरावचा स्टुडिओ माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर होता आणि मी रोज त्या पाटीकडं बघून पुढं जायची.

आता मधली सगळी वर्षं सोडून देते, कारण त्यांत सांगण्यासारखं एवढंच की मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्या. रिटायर झाले तेव्हा फंडातून थोडी रक्कम बाजूला काढली आणि ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. तसलाच, छोट्या जातीचा, खिडकीवाला. ज्या वस्तूनं माझ्या आईला फसवलं ती वस्तू मला एकदा हातात धरून बघायची होती. कमलचा मुलगा किरण पुण्याला कंप्युटरमध्ये आहे, तो लागला मागं. ‘मावशी, रेंजफाइंडरच पाहिजे असेल तर डिजिटल घे. फिल्म म्हणजे कटकट. रोल महाग, धुवायला पुण्याला पाठवायचा, आठ-पंधरा दिवस थांबायचं, आणि शेवटी कळायचं की डोळे मिटलेत.’ मी म्हटलं, मग डिजिटल बघू. मला फिल्मचा काही पुळका नव्हता. दवाखान्यात डिजिटल एक्स-रे आला तेव्हा जुने लोक हळहळले, मी नाही. हाताला औषधाचा वास लागायचा बंद झाला, उजेडात बसायला मिळालं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एक उन्हाळा त्या डार्करूममध्ये काढून दाखवावा.

पण नवा डिजिटल रेंजफाइंडर म्हणजे काय किंमत! किरणनं फोनवर आकडा सांगितला तेव्हा मी म्हटलं, कॅमेऱ्याचा सांगतोस की फ्लॅटचा? मग जुना बघायचं ठरलं. नवी पेठेत इक्बालभाईंचं कॅमेरे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, त्यांच्याकडं योगायोगानं दोन्ही होते. एक जुना डिजिटल, आत काचेवर दोन-तीन डाग, बॅटरी आता बाजारात मिळत नाही. आणि एक जपानी फिल्मवाला, चाळीसेक वर्षांचा, उजेड मोजायचा काटा मेलेला, बाकी ठणठणीत. दोन्हींत दुप्पट-तिप्पट फरक. इक्बालभाई सरळ माणूस. म्हणाले, ‘दीदी, सोच लेव. फिल्म का कॅमेरा सस्ता है, मगर रोल का खर्चा हर टाईम का. डिजिटल में एक बार रोनेका, बस.’ म्हणजे फिल्मवाला कॅमेरा स्वस्तात मिळालेल्या म्हशीसारखा, वैरण रोज लागणार. पेन्शनीत ती वैरण परवडायची नाही असा मी हिशेब केला. डाग असू देत, बॅटरी किरण कुठूनतरी शोधेल. डिजिटलच घ्यायचा, असं माझं जवळजवळ ठरलं होतं.

तेवढ्यात दुकानातल्या कोपऱ्यातल्या स्टुलावरून एक म्हातारा बोलला. ‘बाई, डिजिटल म्हणजे बटण दाबणारं माकड हो. फिल्मवर माणूस विचार करून फोटो काढतो. एकेक फ्रेम मोलाची असते.’ इक्बालभाई म्हणाले, ‘ये बाबूरावजी. सोलापूर के लई पुराने फोटोग्राफर. शामको इधरच बैठते.’ मी बघितलं. कोंबडा गेला होता, दात गेले होते, एका डोळ्यात मोतीबिंदूची पांढरी झाक. हसू तेच. त्यानं मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. तो आपला बोलतच होता. ‘माझंच बघा. जन्मभर लोकांचे फोटो काढले, माझा स्वतःचा एक धड नाही. पोरं मोबाईलवर काढतात, त्यात तोंड पुरीसारखं फुगतं. फिल्मवर एक चांगला काढून पाहिजे. मेल्यावर भिंतीला लावायला बरा.’

मी इक्बालभाईंना म्हटलं, ‘फिल्मवाला द्या.’

ते चकित झाले. आत्ता तर डिजिटल म्हणत होतात? मी म्हटलं, ठरलं माझं. किरण आजही मला बोलतो की मावशी, तू भावनेच्या भरात फिल्म घेतलीस. छे! मी अगदी डोकं थंड ठेवून घेतली. डिजिटलला मागं पडदा असतो. फोटो काढला की म्हातारा म्हणणार, बघू. फिल्मवाल्यात बघायला काही नसतं. इक्बालभाईंनी मला सगळं समजावून दिलं, रोल कसा भरायचा, फिल्म पुढं सरकवायची दांडी कशी ओढायची, वर फ्लॅश कसा बसवायचा. डावीकडचं छोटं चक्र दाखवून म्हणाले, रोल असला तर दांडी ओढताना हे फिरतं, फिरलं नाही तर समजायचं आत काही नाही. रोल कौनसा दूं, असं विचारलं. मी म्हटलं, ‘आहे माझ्याकडं.’ मग बाबूरावकडं वळून अगदी गोड आवाजात विचारलं, ‘काका, तुमचा फोटो मी काढू का? शिकतेय अजून.’ म्हातारा इतका खुलला की मला माझ्या गोडपणाची कमाल वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी बंद स्टुडिओचं शटर उघडलं. सकाळची वेळ, आत कुबट वास, हंसाचा पडदा तसाच, एका कोपऱ्यात जाळी धरलेला. खुंटीवरचा तो कोट त्यानं झटकून अंगात घातला. मी बरोबर त्या जागी उभी राहिले जिथं अप्पा उभे होते. खिडकीतून बघितलं तर दोन बाबूराव दिसत होते. मी कडं फिरवत गेले, सावकाश, आणि दोघांना एकावर एक बसवलं. ‘काका, जरा डावीकडं सरा. कॉलर नीट. मान वर. अजून जरा वर. हां, आता हसा.’ म्हातारा मी सांगेन तसं करत होता, शहाण्या पोरासारखा. फ्लॅश मारला. आणि काय सांगू, तो डोळे चोळत म्हणाला, ‘डोळे मिटले का गं माझे? आणखी एक काढ.’

मी दांडी ओढली. मला वाटलं होतं, मोतीबिंदूच्या डोळ्याला काय दिसणार. पण तो माझ्याकडं बघत नव्हता, डावीकडच्या चक्राकडं बघत होता. जन्माची सवय. त्याचं हसू हळूहळू उतरलं. मी तशीच उभी राहिले आणि दुसरा फ्लॅश मारला.

‘चक्र फिरलं नाही,’ तो म्हणाला.

‘नाही.’

‘रोल नाही आत?’

‘तुमच्या छोट्यात तरी कुठं असायचा?’

तो कोटाशी चाळा करत बसला. कोटाचं बटण काढायचा, परत लावायचा. मग म्हणाला, ‘कुणाची तू?’ मी म्हटलं, एका बाईची. एका लग्नात ती तुमच्यापुढं उभी राहिली, तुम्ही दोनदा फ्लॅश मारला, ती मेली, आणि आम्ही तिच्या लुगड्याला हार घातला. बोलताना रडू नाही आलं, इतकं बरं वाटत होतं. ‘कुठलं लग्न?’ त्यानं विचारलं. ‘अगं, किती लग्नं केली मी, किती बाया होत्या...’ ‘तेच तर,’ मी म्हटलं. ‘तुम्हीच आठवा. ज्या दिवशी बरोबर सांगाल त्या दिवशी रोल घालून तुमचा फोटो काढीन. भिंतीला लावायला होईल असा.’ आणि शटरखालून वाकून बाहेर आले. घरी जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुपारी गाढ झोपले.

त्या कॅमेऱ्यात आता रोल असतो. पेन्शनीतून त्याचा खर्च कसाबसा भागवते. गल्लीबोळांत भाकऱ्या थापणाऱ्या बाया बघते, त्यांचे फोटो काढते, आणि प्रत्येकीला प्रिंट नेऊन देते, डोळे मिटलेले असले तरी. मोबाईलच्या जमान्यात त्यांना त्याचं फारसं अप्रूप नाही हे मला कळतं. खरं तर डिजिटलनं बाबूरावसारख्यांचा धंदाच मोडला, म्हणून मी डिजिटलला हात जोडते. पण माझं काम फिल्मनं झालं.

बाबूराव रोज संध्याकाळी इक्बालभाईंच्या दुकानात माझी वाट बघतो. त्याची सून परवा भाजी घेताना भेटली तर म्हणाली, मामंजी हल्ली जेवता जेवता थांबतात, गावांची नावं घेतात, तंद्रीच लागते. मी म्हटलं, वय झालं की व्हायचंच. मी जाते, स्टुलासमोर उभी राहते, खांद्याला कॅमेरा. तो विचारतो, ‘मोहोळचं?’ मी म्हणते, नाही. ‘नातेपुत्याचं? कारखान्याच्या चेअरमनच्या घरचं?’ नाही. इक्बालभाई मान खाली घालून स्क्रू फिरवत बसतात.

काल गेले तर तो उठून उभा राहिला. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, ‘सांगोल्याचं. डाळिंबवाल्याच्या घरचं. मांडवात टँकर उभा होता. शेवटी एक बाई आली, मोरपंखी इरकल, हाताला पीठ. कडेवर पोर होतं. नाक बसकं होतं तिचं, अगदी तुझ्यासारखं, खाली बघितलं की आणखी बसकं दिसायचं, म्हणून मी तिला मान वर करायला लावली.’ एवढं बोलून त्याला धाप लागली. ‘तीच ना? आता काढतेस ना फोटो?’

कॅमेऱ्यात पूर्ण रोल होता. माझा हात आपोआप माझ्या नाकाकडं गेला. मी तो खाली घेतला.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘सांगोल्याचं नाही.’

बाबूराव खाली बसला. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

‘मग मोहोळचं?’